अमेरिकेतील कन्साइनमेंट दुकानातून वापरलेले कपडे कसे विकावेत

नोकरीनिमित्त अमेरिकेत आलेल्या मराठी कुटुंबाच्या कपाटांत तीन-चार वर्षांत न वापरलेल्या कपड्यांचा ढीग साचतो. पहिल्या हिवाळ्यात घाईने घेतलेला आणि पुढे अंगाला न बसणारा कोट, एका मुलाखतीपुरता घातलेला सूट, मुलांची एकाच मोसमात आखूड झालेली जाकिटे आणि टॅगही न काढलेले भेटीदाखलचे स्वेटर असे बरेच काही त्यात असते. पुण्या-नाशकात असतो तर दारावर बोहारीण आली असती, तिने एकेक कपडा उलगडून पाहिला असता आणि थोड्या घासाघिशीनंतर त्या ढिगाऐवजी घरात स्टीलचे पातेले आले असते. इथे ती सोय नसल्यामुळे बहुतेक जण सगळे कपडे एका मोठ्या पिशवीत कोंबून देणगीच्या पेटीत टाकतात. देणगी देण्यात काहीच गैर नाही. परंतु त्या ढिगातील निवडक चांगल्या कपड्यांना गावातल्या कन्साइनमेंट दुकानात रीतसर पैसे मिळतात आणि तो कपडा ज्याला खरोखर हवा आहे त्याच्याकडे पोहोचतो. मी न्यू जर्सीत राहून बरीच वर्षे हे करत आले आहे आणि नव्याने सुरुवात करणाऱ्याला ज्या गोष्टी कोणी आधी सांगत नाही, त्या येथे क्रमाने लिहीत आहे.

व्यवहार आधी समजून घ्या

मार्केट यार्डातली अडत ज्याला ठाऊक आहे त्याला कन्साइनमेंट समजायला वेळ लागणार नाही. महाराष्ट्रात २०१६ पर्यंत चाललेल्या पद्धतीत शेतकरी माल अडत्याच्या गाळ्यावर उतरवत असे, माल विकला जाईपर्यंत तो शेतकऱ्याचाच राहत असे, आणि विक्री झाल्यावर अडत्या आपली अडत कापून उरलेली पट्टी त्याच्या हाती देत असे. कन्साइनमेंट दुकानही हेच करते. तुम्ही कपडा दुकानात ठेवता, दुकानदार त्यावर किंमत लावतो, गिऱ्हाईक मिळाले की ठरलेल्या टक्केवारीने पैसे वाटले जातात, आणि गिऱ्हाईक मिळाले नाही तर कपडा तुमचाच असल्यामुळे तो परत नेण्याचा अधिकारही तुमचाच असतो. विक्री होईपर्यंत मालकी आपली असते हे एक सूत्र लक्षात ठेवले की करारातील प्रत्येक कलम कशासाठी आहे आणि आपण कुठे जागरूक राहायचे हे आपोआप कळू लागते.

जुन्या कपड्यांच्या इतर दुकानांशी याची गल्लत करू नये. १९०२ साली बॉस्टनमध्ये सुरू झालेल्या गुडविलसारख्या संस्थांची थ्रिफ्ट स्टोअर्स देणगीत आलेले कपडे विकतात आणि देणाऱ्याला त्याचे पैसे देत नाहीत. दुसरा प्रकार रोखीने विकत घेणाऱ्या दुकानांचा आहे. १९७४ साली ॲरिझोनातील टूसॉन येथे सुरू झालेले बफेलो एक्स्चेंज, तरुण मुलामुलींच्या कपड्यांसाठी प्लेटोज क्लॉझेट आणि लहान मुलांच्या कपड्यांसाठी वन्स अपॉन अ चाइल्ड ही त्यांतली परिचित नावे आहेत. तेथे काउंटरवरचा कर्मचारी तुमची पिशवी चाळतो, हवे तेवढे कपडे बाजूला काढतो आणि त्याच दिवशी पैसे देतो. रक्कम कमी असते, पण वाट पाहावी लागत नाही. कन्साइनमेंटमध्ये वाट पाहावी लागते आणि त्या बदल्यात हिस्सा सहसा मोठा मिळतो. म्हणूनच पंधरा दिवसांत गाव सोडणार असाल तर रोखीचे दुकान बरे, आणि चांगल्या ब्रँडचा कोट हाताशी असून घाई नसेल तर कन्साइनमेंट बरे, असे मी प्रत्येकाला सांगते.

कपडे निवडताना

नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक म्हणजे ढीगच्या ढीग घेऊन जाणे. पहिल्या खेपेला दहा ते पंधरा कपडे पुरेत, पण ते दुकानदाराला नाकारता येऊ नयेत असे असावेत. बहुतेक दुकाने गेल्या दोन-तीन वर्षांतील फॅशनचे कपडे मागतात. आपण किती रुपयांना किंवा डॉलरला घेतला होता याला तेथे फारसे महत्त्व नसते. आज तो कपडा दुकानात येणाऱ्या बाईला घालावासा वाटेल का, एवढाच प्रश्न असतो. कोट, चांगली जाकिटे, जीन्स, लोकरीचे स्वेटर, पार्टीचे ड्रेस, चामड्याच्या पर्स आणि कमी वापरलेले बूट यांना मागणी असते. साधे टी-शर्ट, अंतर्वस्त्रे, कंपनीचे नाव छापलेले कपडे आणि कॉलर फाटलेले शर्ट न्यायचे कष्ट घेऊ नयेत.

लेबल तपासणे आवश्यक आहे. ब्रँडचे, मापाचे आणि कापडात कोणता धागा किती टक्के आहे हे सांगणारे अशी तिन्ही लेबले शाबूत असावीत. मानेला टोचते म्हणून अनेक जण लेबल कापून टाकतात आणि मग उत्तम काश्मिरी लोकरीचा स्वेटरही दुकानदाराच्या दृष्टीने निनावी होऊन बसतो. त्याचप्रमाणे अनेक ब्रँड फॅक्टरी आउटलेटसाठी वेगळा आणि स्वस्त माल बनवतात. आपण आउटलेटमधून घेतलेला शर्ट मुख्य दुकानातल्या शर्टाच्या भावाने जावा अशी अपेक्षा ठेवली तर निराशा होते, कारण ही लेबले ओळखणे हे त्या दुकानदाराचे रोजचेच काम आहे.

मुलांच्या कपड्यांबाबत एक जास्तीची काळजी घ्यावी लागते. गळ्याशी किंवा टोपीला ओढदोरी असलेली लहान मुलांची जाकिटे येथे धोकादायक समजली जातात, कारण दोरी घसरगुंडीत अडकून मुलांचा गळा आवळला गेल्याच्या घटना घडल्या आहेत. भारतातून आजी-आजोबांनी पाठवलेल्या गोड जाकिटांना अशा दोऱ्या हमखास असतात. सुरक्षिततेच्या कारणावरून कंपनीने परत मागवलेली वस्तू पुन्हा विकणे येथे बेकायदा आहे आणि दुकाने हे नियम काटेकोरपणे पाळतात, म्हणून मुलांची वस्तू नेण्यापूर्वी ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या संकेतस्थळावर तिचे नाव शोधून पाहावे.

तयारी: नाक, उजेड आणि हात

दुकानातली बाई कोट हातात घेतल्यावर लेबल नंतर पाहते. आधी ती कॉलर नाकाशी नेते, मग काखेची शिवण. हे मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला संकोच वाटला, पण त्यातच आपल्या घरांसाठी सर्वांत महत्त्वाचा धडा आहे. आपल्या स्वयंपाकात रोज फोडणी होते. मोहरी, हिंग, कढीपत्ता आणि लसूण यांचा वास लोकरीत आणि जाड अस्तरात मुरतो, आणि अपार्टमेंटमध्ये कोटांचे कपाट बहुधा स्वयंपाकघराजवळच असल्यामुळे तो आपल्याला जाणवेनासा होतो. ज्याला त्या वासाची सवय नाही त्याला तो क्षणात कळतो आणि कोट कितीही सुंदर असला तरी परत येतो. डांबराच्या गोळ्यांचे तसेच आहे. ट्रंकेत गोळ्या टाकून जपलेली शाल दुकानदार हातातही घेत नाही.

यावर उपाय आहे, पण त्याला दिवस लागतात. लोकरीचा कोट रुंद खांद्याच्या हँगरवर लावून कोरड्या हवेच्या दिवशी बाहेर सावलीत तीन-चार दिवस टांगावा, उन्हात टांगू नये, कारण गडद रंग खांद्यावर विटतो. धुता येण्याजोगे कपडे धुताना शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी पांढरा व्हिनेगर घालावा. तरीही वास राहिला तर ड्रायक्लीनिंग करावे, मात्र त्याआधी हिशेब मांडावा. पंधरा डॉलरचे ड्रायक्लीनिंग करून हाती वीस डॉलर येणार असतील तर तो कपडा विक्रीच्या यादीतून काढणेच शहाणपणाचे. सुगंधी फवारे मारून वास झाकू नये, कारण त्यामुळे संशय वाढतो.

वासानंतर उजेड. प्रत्येक कपडा दिवसा खिडकीसमोर दोन्ही हातांनी ताणून धरावा. कसरीने खाल्लेली भोके टाचणीच्या टोकाएवढी असतात आणि ट्यूबलाइटच्या प्रकाशात दिसतच नाहीत. खिडकीच्या काचेसमोर मात्र ती एकेक चमकू लागतात. काखेतील पांढरट डाग, बाह्यांच्या टोकांची काळी कड, मांडीशी झिजलेले कापड आणि पँटच्या मागच्या खालच्या कडेचे धागे ही चार ठिकाणे नेमकी पाहावीत. स्वेटरवर आलेल्या गोळ्या काढण्याचे छोटे बॅटरीचे यंत्र मिळते, त्याने दहा मिनिटांत स्वेटर दोन वर्षांनी तरुण दिसतो. निघालेले बटण लावावे. कोटाच्या आतल्या शिवणीवर बहुधा एक जास्तीचे बटण दिलेले असते. चेन अडखळत असेल तर तिच्या दातांवर पेन्सिलीचे शिसे किंवा मेणबत्ती घासावी. सर्व खिसे उलटे करून पाहावेत. मला एका कोटाच्या खिशात सासूबाईंनी दिलेली चांदीची सुपारी सापडली होती, म्हणून हे वाक्य मी कधीच वगळत नाही.

इस्त्री करून, हँगरवर लावून कपडे नेले तर ते ज्या नजरेने पाहिले जातात ती नजर काळ्या कचऱ्याच्या पिशवीतून आलेल्या कपड्यांना मिळत नाही. काही दुकाने हँगरवरच आणा असे सांगतात, तर काही घड्या घालून टोपलीत आणायला सांगतात, तेव्हा आधी फोन करून विचारावे.

मोसम

येथे कपड्यांचा बाजार ऋतूच्या एक पाऊल पुढे चालतो. थंडीचे कपडे साधारण ऑगस्टपासून घ्यायला सुरुवात होते आणि उन्हाळ्याचे फेब्रुवारीपासून. जानेवारीअखेर आपल्याला थंडीचा कंटाळा येऊन कोट काढावासा वाटतो, तेव्हा दुकानात कोटांवर सवलत सुरू झालेली असते आणि नवे कोट घेणे बंद झालेले असते. ज्यांची कंपनी वसंतात न्यू जर्सीहून टेक्सासला बदली करते त्यांची यात फार पंचाईत होते. अशा वेळी कोट कोणा विश्वासू मैत्रिणीकडे ठेवून तिच्या खात्यावर ऑगस्टमध्ये लावणे, किंवा सरळ एखाद्या नव्याने आलेल्या कुटुंबाला देऊन टाकणे, हे दोनच मार्ग मला बरे वाटतात.

दुकानाची निवड

करार करण्यापूर्वी त्या दुकानात एकदा गिऱ्हाईक म्हणून जावे. आपण जे विकणार आहोत तशाच कपड्यांवर किती किमतीचे टॅग आहेत, कपडे दाटीवाटीने कोंबले आहेत की हात फिरवता येईल इतके सुटे आहेत, कपडे बदलून पाहण्याची खोली स्वच्छ आहे का आणि आठवड्याच्या मधल्या दिवशीही कोणी खरेदीला येते का, हे अर्ध्या तासात समजते. टॅगवरच्या तारखाही वाचाव्यात. सगळ्याच टॅगवर तीन महिन्यांपूर्वीच्या तारखा असतील तर माल हलत नाही असा त्याचा अर्थ होतो. लग्नाचे पोशाख, मुलांचे कपडे, महागड्या ब्रँडच्या पर्स यांची वेगळी दुकाने असतात. ज्या दुकानात आपला कपडा शोभेल तेथेच तो विकला जातो.

करार वाचताना

बहुतेक दुकाने पहिल्या भेटीत ओळखपत्र पाहतात, खाते उघडतात आणि एका कागदावर सही घेतात. ही सही उभ्याउभ्या करू नये. त्यात पाच गोष्टी शोधाव्यात: आपला हिस्सा किती, मुदत किती, सवलत कधी आणि किती लागणार, पैसे कसे व केव्हा मिळणार, आणि मुदत संपल्यावर न विकलेल्या कपड्यांचे काय होणार. हिस्सा सामान्यतः चाळीस ते साठ टक्क्यांच्या दरम्यान असतो आणि मुदत साठ ते नव्वद दिवसांची असते. काही दुकाने खाते उघडण्याचे किंवा प्रत्येक वस्तूमागे शुल्क घेतात. ते हिस्सा काढण्याआधी कापले जाते की नंतर, हेही विचारावे.

एक उदाहरण मांडून पाहू. १८० डॉलरला घेतलेल्या कोटावर दुकानाने ६० डॉलरचा टॅग लावला आणि आपला हिस्सा ४० टक्के आहे. पहिल्या तीस दिवसांत तो विकला गेला तर २४ डॉलर मिळतील. तीस दिवसांनंतर वीस टक्के सवलत लागली तर किंमत ४८ होईल आणि आपल्याला १९ डॉलर २० सेंट मिळतील. साठ दिवसांनंतर निम्म्या किमतीला गेला तर ३० डॉलरमधले १२ आपले. हे आकडे पाहून अनेकांचा उत्साह मावळतो, पण दहा चांगले कपडे योग्य मोसमात लावले तर मुलाच्या पुढच्या वर्षीच्या कोटाची आणि बुटांची सोय होते, आणि मला ती गोष्ट लहान वाटत नाही. एखाद्या कपड्याची किंमत अमुकपेक्षा खाली नेऊ नये अशी आपली इच्छा असेल तर ती आधीच बोलून कागदावर लिहून घ्यावी. सगळी दुकाने हे मान्य करत नाहीत, पण विचारण्यात गैर नाही.

पैसे चेकने मिळतात किंवा स्टोअर क्रेडिट म्हणून खात्यात जमा राहतात. क्रेडिट घेतल्यास काही दुकाने हिस्सा थोडा वाढवून देतात; तेथूनच खरेदी करणार असाल तर त्यात फायदा आहे, अन्यथा चेक मागावा. फार मोठी रक्कम महिनोन्महिने खात्यात पडू देऊ नये, कारण दुकान बंद पडले तर ती वसूल करणे जड जाते. चोरी, आग किंवा पाण्याने झालेल्या नुकसानीची जबाबदारी दुकानावर नाही असे कलम जवळजवळ प्रत्येक करारात असते, म्हणून जिच्याविना जीव हळहळेल अशी वस्तू तेथे ठेवूच नये.

तारखा आणि यादी

मुदत संपल्यावर कपडे परत नेण्यासाठी सात-आठ दिवसांची सवड दिलेली असते आणि त्यानंतर ते दुकानाच्या मालकीचे होतात किंवा धर्मादाय संस्थेला जातात. आपली मालकी नेमकी याच टप्प्यावर सुटते. माझ्या दुसऱ्याच वर्षी मी भारतात गेले असताना मुदत संपली आणि आईने स्वतः विणलेला, मी मन घट्ट करून विक्रीला लावलेला स्वेटर मला परत मिळाला नाही. दुकानाने करारात लिहिले होते तेच केले होते. तेव्हापासून कपडे देतानाच फोनच्या कॅलेंडरमध्ये मुदतीच्या दहा दिवस आधीची नोंद मी करते आणि डिसेंबरात भारतात जायचे असेल तर मुदत त्या सुट्टीत संपणार नाही हे आधी पाहते.

दिलेल्या प्रत्येक कपड्याचा पुढून, मागून आणि लेबलचा असे तीन फोटो काढावेत. वही किंवा एक्सेलमध्ये वस्तू, ब्रँड, माप, दिल्याची तारीख, टॅगवरची किंमत आणि विक्रीची रक्कम एवढे रकाने पुरतात. दुकानाने दिलेल्या यादीशी आपली यादी त्याच दिवशी ताडून पाहावी. गोंधळ बहुधा लबाडीमुळे नव्हे तर टॅग गळून पडल्यामुळे होतो, आणि फोटो दाखवला की तो सभ्यपणे मिटतो.

परत आलेले कपडे देणगीत द्यायला हरकत नाही. पावती जरूर मागावी, कारण प्राप्तिकरात प्रमाणित वजावटीऐवजी तपशीलवार वजावट घेणाऱ्यांना चांगल्या स्थितीतील कपड्यांचे मूल्य दाखवता येते.

कर आणि व्हिसा

स्वतःचा वापरलेला कपडा घेतल्यापेक्षा कमी किमतीला विकला तर त्यात नफा नसतो, म्हणून त्यावर प्राप्तिकर लागत नाही. तो तोटा मात्र इतर उत्पन्नातून वजाही करता येत नाही. आपल्या घरातले जुने कपडे काढून टाकणे आणि विकण्यासाठीच कपडे विकत घेऊन नियमित नफा कमावणे यांत फरक आहे. दुसरा प्रकार धंदा ठरतो, आणि काम करण्याची परवानगी नसलेल्या एच-४ व्हिसावरील (म्हणजे नोकरीसाठी आलेल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावरील) व्यक्तीने त्या वाटेला जाण्यापूर्वी इमिग्रेशनच्या वकिलाचा सल्ला घेतलाच पाहिजे.

साड्या आणि भारतीय पोशाख

सर्वसाधारण अमेरिकन कन्साइनमेंट दुकान साड्या, सलवार-कमीज किंवा शेरवानी घेत नाही, आणि घेतलीच तर तिचे मोल त्यांना समजत नाही. एका दुकानात भरजरी शालू टेबलक्लॉथसोबत ठेवण्याची तयारी दाखवली गेली तेव्हा मी तो घडी करून घरी आणला. या कपड्यांचे खरे गिऱ्हाईक आपल्याच लोकांत असते. गावातील महाराष्ट्र मंडळाचा व्हॉट्सॲप समूह, गणेशोत्सवाच्या किंवा दिवाळीच्या कार्यक्रमात लागणारे विक्रीचे टेबल आणि भरतनाट्यम्-लावणीचे वर्ग चालवणाऱ्या शिक्षिका येथे विचारावे, आणि तेही सणाच्या सहा आठवडे आधी, कारण ब्लाउज शिवून किंवा उसवून घ्यायला घेणाऱ्या बाईला वेळ लागतो. नऊवारी असेल तर लांबी मोजून लिहावी, शिवलेली असेल तर तसे सांगावे, आणि ब्लाउजचे कापड शिल्लक आहे की नाही हेही नमूद करावे. पैठणीच्या बाबतीत पदराचा उलट्या बाजूचा फोटो जवळून काढून द्यावा. हातमागावर विणलेल्या पैठणीत मोर-पोपट उलट्या बाजूनेही सुलट्यासारखेच नीट दिसतात, तर यंत्रमागावरच्या साडीत तेथे सुटे धागे लोंबताना दिसतात, आणि जाणकार बाई किंमत विचारण्याआधी तोच फोटो मागते.